एकोणीस बसची हजेरी

"प्रोग्रॅम म्हणतोय, एरर नाही," थांब्यांच्या यादीचा नवा प्रोग्रॅम लिहिणारा केलब तिसऱ्यांदा म्हणाला. पण मिनेसोटातल्या उणे वीसच्या थंडीत शाळेची बारा नंबरची बस आजही दोन मुलांना न घेताच निघून गेली होती. त्यांचा नवा थांबा यादीत चढलाच नव्हता.

शेजारी शाळेच्या बसगाड्यांवर लक्ष ठेवणारी लोर्ना वायरलेसवर एकेका ड्रायव्हरला विचारत होती, "पोचलास? मुलं उतरली?"

"पहिला म्हणाला ना, सगळं ठीक? मग एकोणीस जणांना कशाला पिडतेस?"

"पहिला पोचला म्हणजे बाकीचेही पोचले? शहाणाच आहेस!"

केलब चमकला. त्याचा प्रोग्रॅम डेटाबेसला पाच क्वेरी, म्हणजे नोंदी करायच्या सूचना, एकदम पाठवायचा आणि उत्तर मात्र फक्त पहिलीचं बघायचा. त्याने पाचही उत्तरं एकेक करून तपासली. चौथ्यावर लाल अक्षरं उमटली: थांबा नोंदवला गेला नाही.

"सापडली चूक!" तो खुर्चीतून उडालाच.

त्याने दुरुस्ती करून थांबा नोंदवला. दुसऱ्या दिवशी बारा नंबरच्या ड्रायव्हरने कळवलं, "दोघंही चढली!"

लोर्ना माईक खाली ठेवून खदखदून हसली. "काय रे, माझी ही विचारपूस बंद व्हावी म्हणूनच आणलाय ना हा प्रोग्रॅम?"