वरची ओळ

"एवढं सगळं बसायचं नाही, पाळकसाहेब," पाथरवट म्हणाला. "दगड काही ताणून मोठा होत नाही. वरची ओळ ठेवा, नाहीतर खालची."

त्याने कागदाचा साचा थडग्यासाठीच्या काळ्या दगडावर पसरून दाखवला. वर मुलीचं नाव, त्याखाली दोन तारखा. दोन्ही तारखांमध्ये जेमतेम बारा वर्षांचं अंतर. उरलेल्या जागेत पवित्र शास्त्रातली एकच ओळ मावत होती आणि पाळकांनी दोन लिहून आणल्या होत्या. दोन्ही दुःखाच्या शेवटाविषयीच्या भविष्यवाणीतल्या. वरच्या ओळीत देव माणसांच्या डोळ्यांतलं पाणी स्वतः पुसणार होता. खालच्या ओळीत मग मरण उरणार नव्हतं, वेदना उरणार नव्हती, रडणं उरणार नव्हतं.

"खालची," पाळक लगेच म्हणाले.

ती ओळ म्हणजे पाळकांची ओळ, असं चर्चची सगळी मंडळीच म्हणायची. वीस वर्षं दर शुक्रवारी ते त्या भविष्यवाणीचा अर्थ सांगत आले होते. बाकीचे लोक ती कधी खरी होणार, साल कोणतं, महिना कोणता याचा काथ्याकूट करायचे. पाळक म्हणायचे, साल राहू द्या बाजूला. तिथे रडणं नाही, एवढं कळलं ना? मग तिथे जायला निघालेल्यांनी इथे कशाला रडायचं? विश्वास पक्का असेल तर डोळे कोरडे राहतात. कितीतरी दफनांच्या वेळी, खांद्यावर हात ठेवून, हळू आवाजात त्यांनी हे सांगितलं होतं. आपण माणसाला आधार देतोय, असं त्यांना मनापासून वाटायचं. आणि माणसं हुंदका गिळायची.

सात आठवड्यांपूर्वी आपल्या लेकीच्या, चिमीच्या शवपेटीपाशी त्यांनी स्वतःच प्रार्थना केली. आवाज कुठेही कापला नाही. शेजारी बायकोचा ओठ थरथरायला लागला, तेव्हा ते किंचित झुकून म्हणाले, "आवर. लोक बघताहेत."

तिने आवरलं. घरी आल्यावर चिमीचा शाळेचा गणवेश इस्त्री करून कपाटात ठेवला. दवाखान्याचे कागद बांधून माळ्यावर टाकले. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, पण त्या दिवसापासून तिचं बोलणंही आटलं. लोक म्हणाले, विश्वास असावा तर पाळकबाईंसारखा.

आत्ता ती कारखान्याच्या दाराशी, बाकावर बसली होती. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. पाथरवटाने खालची ओळ आखायला खडू उचलला.

"वरची," ती म्हणाली.

पाळकांनी मान वळवली. "अगं, खालच्या ओळीत सगळा अर्थ येतो. दुःखाचा शेवट आहे तिच्यात."

"शेवट आहे, मान्य. पण त्याच्या आधी वरची आहे." तिचा आवाज वापरात नसलेल्या दारासारखा निघाला. "तो डोळे पुसणार आहे म्हणे. म्हणजे त्याच्यापुढे माणसं रडतच जाणार. 'आधी डोळे पुसून ये, मग आत घेतो,' असं त्याने कुणाला म्हटलंय का? तुम्ही वीस वर्षं सांगताय. मला दाखवा, कुठे म्हटलंय."

भविष्यवाणीचं ते सगळं प्रकरण पाळकांना तोंडपाठ होतं. त्यांनी ते मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून पाहिलं. मग आणखी एकदा.

"नाही म्हटलेलं," ते म्हणाले. "कुठेच नाही."

"मग त्या दिवशी मी माझ्या पोरीसाठी रडले असते, तर काय बिघडलं असतं हो?"

पाळक येऊन तिच्या शेजारी बसले. "मला वाटलं, तू रडलीस तर मग मी…" पुढचं वाक्य त्यांना जमलं नाही. आधी ठसका लागल्यासारखा आवाज आला. मग त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले आणि तो एवढा उंचापुरा माणूस लहान मुलासारखा तोंड उघडून रडला. तिने कपाळ त्यांच्या दंडाला टेकवलं. सात आठवडे अडवून धरलेलं तिचंही सगळं बाहेर आलं. कुणीच कुणाला गप्प राहा म्हटलं नाही.

पाथरवटाने मागे चालू असलेलं पॉलिशचं मशीन बंद केलं. गिऱ्हाईक रडायला लागलं की तो एरवी बाहेर जाऊन उभा राहायचा. आज गेला नाही. हातातला खडू तसाच धरून तो खाली बघत राहिला.

बऱ्याच वेळाने पाळकांनी बाहीने तोंड पुसलं. "वरचीच कोरा," ते म्हणाले. "माफ करा. तुमचं काम खोळंबलं आमच्यामुळे."

पाथरवट जागचा हलला नाही. तोही त्यांच्याच मंडळीतला. तीन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोचं दफन पाळकांनीच केलं होतं.

"तिच्या दगडावर मी खालची ओळ कोरली," तो म्हणाला. "तुम्ही सांगितली होती, तीच."

पाळकांनी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तीन वर्षांत बहुधा पहिल्यांदाच.

"तुम्ही तेव्हा रडलात का हो?"

"तुम्ही नको म्हणालात ना."

बायकोचा हात न सोडता पाळक बाकावर थोडे सरकले आणि त्यांनी पाथरवटाला बसायला जागा करून दिली.