डब्यातली हाक

स्टीलच्या डब्यात सगळ्यांचं काही ना काही पडलं. खुशीने आपला पडलेला दात टाकला, तिच्या आईने, दिपालीने, हळद लागलेला लग्नातला रुमाल, आणि अश्विनच्या आईने, कुसुमताईंनी, बरेच आढेवेढे घेऊन चष्म्याची मोडकी काडी. प्रताप नगरच्या घरामागे लिंबाखाली खड्डाही खणून झाला होता. डबा वीस वर्षांनी उघडायचा, असा खुशीचा हुकूम होता. राहिला होता फक्त अश्विन.

"बाबा, तुम्ही काहून नाही टाकून राहिले काही?" खुशीने विचारलं. मग तिनेच तोड काढली. जुना मोबाइल त्याच्या हातात देऊन म्हणाली, "आवाज टाका तुमचा."

सोमवारी ऑपरेशन करून अश्विनची कॅन्सर झालेली जीभ काढणार होते. खर्ऱ्याने घात केला होता. तोंडही आता बोटभरच उघडायचं. तसं तर इतकी वर्षं त्या तोंडातून घरच्यांना मिळालं तरी काय होतं? सुपारी-तंबाखूचा तोबरा कायम गालात. बोलायचं तर थुंकावं लागे, आणि थुंकलं की खर्रा वाया. म्हणून बायकोला बोलवायचं तर टाळी, पाणी हवं तर ताटावर टिचकी, आणि पोरीच्या शंभर प्रश्नांना एकच "हूं". जीभ होती तेव्हा हा माणूस मुका राहिला, आणि आता त्याला खूप बोलायचं होतं.

फोन घेऊन तो गच्चीवर गेला. पोरीला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या होत्या, दिपालीची माफी मागायची होती. बोलला, पुसलं. पुन्हा बोलला, पुन्हा पुसलं. खाली आला तेव्हा डोळे लाल होते. फोन त्याने मुकाट्याने खुशीला दिला.

नीट आलं की नाही, हे बघायला खुशीने तो लावला.

"दिपाली, इकडे ये वं. खुशी, तू पण ये."

एवढंच होतं.

स्वयंपाकघरातून दिपाली ओढणीला हात पुसत लगबगीने मागच्या दारात आली. "काय म्हणता?"

तिने अश्विनकडे पाहिलं, मग खुशीच्या हातातल्या फोनकडे. तिच्या लक्षात आलं. ती वळली, आत गेली आणि ओट्याशी पाठमोरी उभी राहिली.

"ते डब्यात राहू द्या," ती तिथूनच म्हणाली. "मले आता एक हाक मारा. तुमच्या तोंडानं."

अश्विनने तोंड उघडलं. पण शब्दाआधी सवयीने त्याचे दोन्ही हात टाळीसाठी वर आले.