गोऱ्यांचं बायबल

एझ्रा खुनाच्या आरोपातून निर्दोष सुटला. मग तो सुटलाच नाही, असं न्यायाधीशांनी ठरवलं. कारण त्याच्या बाजूनं साक्ष देताना ओटीली मावशीनं चुकून गोऱ्यांच्या बायबलवर हात ठेवला होता. अलाबामाच्या कोर्टात काळ्यांच्या शपथेचं बायबल वेगळं असतं. "मग ते आणा," आमच्यातलेच, काळे पर्व्हिस वकील म्हणाले. "ते उंदरांनी खाल्लं," कारकून म्हणाला. "अरे बाळा, आत देव तोच ना?" मावशीनं विचारलं. "देव तोच, म्हातारे. पुठ्ठा वेगळा." शपथ नाही, म्हणून साक्ष रद्द, साक्ष नाही, म्हणून एझ्राला विजेच्या खुर्चीची शिक्षा. "काही म्हणायचंय का रे, पोरा?" न्यायाधीशांनी साठीच्या वकिलांना विचारलं. "मेहेरबान, कायद्यानं आमचं सगळं वेगळं हवं, खुर्ची मात्र सामायिक आहे. सबब, काळ्यांसाठी स्वतंत्र खुर्ची बनेपर्यंत शिक्षेला स्थगिती मिळावी, ही नम्र विनंती."