राखलेला आवाज

मोसेसेचा आवाज पियानोच्या वर आलाच नाही, आणि तालीमघरात कुणाला त्याचं काही वाटलंही नाही.

ऑपेरावाल्यांची रीतच आहे ती. तालमीत कुणी घसा फाडत नाही. राखून गायचं. सूर दाखवायचा, जागा दाखवायच्या, खरा माल पहिल्या प्रयोगाला बाहेर काढायचा. आणि राखून गाणाऱ्याला "का रे बाबा हळू?" असं विचारायचं नसतं. जेवणाऱ्याचे घास मोजण्यासारखं आहे ते.

मोसेसे टोंगाचा गडी. अठ्ठावन्न वर्षांचा, दारातून तिरका होऊन आत यायचा इतका रुंद. कुठल्याच कंपनीत तो पगारी नव्हता. तीस वर्षं बोलावतील तिथं गेला. या आठवड्यात ऑपेरात पुजारी, पुढच्या आठवड्यात हॅमिल्टनच्या चर्चमध्ये स्तोत्रं, मग कुणाची तरी मयत, मग बोटीवर जेवणाऱ्या म्हाताऱ्यांसमोर दोन गाणी. परदेशात दोनदा राजा झाला होता. घरी ऑकलंडात मात्र कायम पहारेकरी, नाहीतर गर्दीतला तिसरा म्हातारा. आता पहिल्यांदा घरच्या मंचावर राजा होणार होता. मांगेरे उपनगरातलं त्याचं अख्खं चर्च शनिवारची तिकिटं काढून बसलं होतं.

हा राजा त्याला डेस्मंडमुळे मिळाला. डेस्मंड ऑर्केस्ट्राचा संचालक, सगळी वाद्यं त्याच्या इशाऱ्यावर चालायची; मोसेसेचा जुना दोस्त. कंपनीच्या कार्यालयातल्या लोकांना सिडनीचा कुणी तरुण हवा होता.

"मोसेसेला इतक्यात ऐकलंयस का तू?" त्यांनी विचारलं.

"त्यात ऐकायचं काय? तो गायला की छत हलतं. नाही हललं तर त्याच्याबरोबर मलाही काढा."

पहिल्या तालमीला मोसेसे हळूच गायला. डेस्मंडनं येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "टोको," तो म्हणाला. टोंगाचे लोक भावाला टोको म्हणतात. "तुला जमेल तसं गा. बाकीचं मी सांभाळतो."

मोसेसेचे डोळे भरून आले. त्यानं डेस्मंडचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. डेस्मंडला वाटलं, राजा झाल्याचा आनंद आहे बिचाऱ्याला.

तीन आठवडे असेच गेले. इआकोपो म्हणून सामोआचा एक गायक होता, पस्तिशीचा. राजा आजारी पडलाच तर बदली म्हणून तो उभा राहणार होता. त्याला तोंड आवरायचं नाही.

"अंकल, एवढं राखून काय करणार? आवाजाचं लोणचं घालणार का?"

"तू खा रे मुकाट्यानं," मोसेसे म्हणायचा आणि फॉइलमधलं लू त्याच्यापुढं सरकवायचा. अळूच्या पानात शिजवलेलं मटण, बायकोच्या हातचं. "सामोआच्या माणसाला काही राखता येतं का? तुमची रग्बी बघतो ना मी. पहिल्या वीस मिनिटांत सगळा दम संपतो."

"आणि तुमचा सुरूच होत नाही!"

सगळे हसायचे. मोसेसेही हसायचा, पण त्यांच्याकडे न बघता. "काय राखतो बघा म्हातारा," बाकीचे एकमेकांना सांगायचे. "शिका काहीतरी." रविवारी तो हॅमिल्टनला गाऊन आला. डेस्मंडची बहीण तिथं होती. तिचा फोन आला, काय गोड गायला म्हणून. चर्चमध्ये माईक होता का, हे विचारायचं डेस्मंडला सुचलं नाही.

गुरुवारी पहिल्यांदा नाट्यगृहात तालीम झाली, पूर्ण ऑर्केस्ट्रा घेऊन. मंचावर माईक नाही. ऑपेरात माईक नसतोच. इआकोपोला शेवटच्या रांगेत बसवलं होतं. ऐकू आलं नाही की त्यानं हात वर करायचा.

तिसऱ्या अंकात राजा पोटच्या पोरीला शाप देतो. मोसेसे पुढं आला. तोंड उघडलं. मानेच्या शिरा टरारून फुगल्या.

इआकोपोचा हात वर गेला.

डेस्मंडनं वाद्यांचा आवाज उतरवला. हात वरच. आणखी उतरवला. आता सत्तर माणसं शेजारी पाळण्यात पोर झोपलेलं असावं तशी वाजवत होती. व्हायोलिनवाल्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. हात वरच होता.

डेस्मंडनं सगळ्यांना चहाला सोडलं. माणसं उठून गेली. तो मंचाच्या कडेला आला.

"टोको, आता पुरे झालं राखणं. शनिवारी मागची रांगसुद्धा भरलेली असणार. फक्त एकदा पूर्ण आवाज सोड. माझ्या जिवाला तेवढंच बरं."

मोसेसे खाली वाकला. गुडघे धरत धरत मंचाच्या कडेवर बसला. धाप लागली होती त्याला.

"हा पूर्णच आहे, डेस."

डेस्मंड हसला. मग हसायचा थांबला.

"म्हणजे आज..."

"पहिल्या दिवसापासून. दोन वर्षं झाली, एवढाच उरलाय."

मोसेसेनं खांद्यावरचा राजाचा झगा काढला, नीट घडी घातली, बाजूला ठेवला आणि शेवटच्या रांगेकडे बघून हात हलवला, खाली ये म्हणून. इआकोपो उठला, पण जागचा हलेना.

"अरे मग मला सांगितलं का नाहीस?" डेस्मंड ओरडला. "तीन आठवडे! एका शब्दानं तरी सांगायचंस!"

मोसेसेनं त्याच्याकडे बघितलं. त्याला खरंच नवल वाटलेलं दिसत होतं.

"मला वाटलं, तुला ठाऊक आहे," तो म्हणाला. "ठाऊक असूनच घेतलंस."