तेवीस खाडे

माजघराच्या जमिनीवरून यंत्र फिरवून वारसा खात्याचे साहेब ओटीवर टेकले.
"शेवंताबाई, घर अठराशे बहात्तरचं. सारवणाचा थर न् थर यंत्राने मोजला. पण मधे महिना-सव्वा महिन्याचे तेवीस खाडे आहेत. तेवढा काळ घर ओसाड होतं. वापर सलग नसेल तर वारसा-वास्तू म्हणून नोंद नाही, मग नवा रस्ता इथूनच जाणार."
"ओसाड? अहो, बाळंतीण सव्वा महिना शेणाला हात लावत नाही. आमच्यात पिढीला सून एकच, सासू बाळंतिणीपाशी. सारवणार कोण, तुम्ही?"
"पुरावा लागतो, बाई."
"शेवटचा खाडा कधीचा?"
"गेल्या श्रावणातला."
शेवंता आत गेली आणि झोळीतून दहा महिन्यांचा पुरावा उचलून तिने साहेबांच्या मांडीवर ठेवला. पुराव्याने त्यांचा चष्मा ओढला.
साहेबांनी 'ओसाड' खोडून 'बाळंतपण' लिहिलं, तेवीस वेळा.