कठडा

हॅस्केलने गाडी उलटी लावली, तोंड रस्त्याकडे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत्याने ते पाहिलं.

"पळायच्या तयारीनेच आलाय मेला."

"तेलवाले सगळे तशीच लावतात, आत्या. आग लागली तर पटकन निघता यावं म्हणून. पपाही लावायचे," क्लेअर म्हणाली. समुद्रातल्या तेलविहिरीवर स्फोट झाला, त्यात पपा गेले. सकाळीच त्यांना पुरून सगळे घरी आले होते.

हॅस्केल, तेल कंपनीचा उपाध्यक्ष, कठडा धरून पायऱ्या चढला. आत्याने त्याच्यापुढे भात आणि गम्बोचं कालवण ठेवलं. दारी आलेल्याला उपाशी पाठवायचं तिला जमत नसे. वाफ जाईपर्यंत त्याने चमचा उचलला नाही.

"एमिल फार धाडसी माणूस," तो म्हणाला. "एकदा काम हातात घेतलं की थांबायचं नाव नाही."

"कोण, आमचा एमिल?" आत्या म्हणाली. "दिवा बदलायचा तर शिडी खांबाला बांधायचा तो."

"विहिरीवर माणूस वेगळा होतो, बाई."

क्लेअरने त्याच्याकडे नीट पाहिलं. हे वाक्य त्याने गाडीतच जुळवलं असावं. स्फोटाच्या चौकशीतही तो हेच म्हणणार.

"आदल्या दिवशी पपांचा फोन आला होता," ती म्हणाली. "विहिरीतलं सिमेंट नीट धरलेलं नाही, थांबू या, असं त्यांनी वर कळवलं होतं. वरून उत्तर आलं, चालू ठेवा."

"तशी कुठे नोंद नाही."

"नसेल." तिने पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवला. "तुम्हाला पगाराबरोबर शेअर मिळतात ना?"

"शेअर नाही. ते ठरलेल्या भावाने घ्यायचा हक्क मिळतो." विषय बदलल्याने तो जरा सैलावला.

"विहिरीला तेल लागलं असतं तर?"

"भाव चढला असता. तेव्हा घ्यायचे."

"आणि आता पडलाय."

"आता घ्यायचे नाहीत."

"म्हणजे तुमचं गेलं काय?"

हॅस्केलने चमचा खाली ठेवला. रुमालाने ओठ टिपले.

"कंपनी तुमच्या पाठीशी आहे, क्लेअर."

"पाठीशीच असते ती," आत्या म्हणाली. "पुढे आमचा एमिल असायचा."

तो उठला. बाहेर तीनच पायऱ्या होत्या, तरी त्याने कठडा धरला. तो पपांनी बसवलेला होता. आधी स्वतः त्याला लोंबकळून पाहिलं होतं, मगच क्लेअरच्या आईला हात लावू दिला होता.

हॅस्केल सगळा भार त्याच्यावर टाकून सावकाश उतरला. कठडा जराही हलला नाही.