गोंगाट

मुलुंडच्या डोंगरात दर मे महिन्यात पक्ष्यांचे आवाज टिपायला मानसी झाडांना रेकॉर्डर बांधायची, जोडीला प्राण्यांसाठी कॅमेरेही. आठवड्यानं कार्ड आणून कॉम्प्युटरला लावलं की तो पक्षी वेगळे काढायचा आणि माणसांचे आवाज 'गोंगाट' म्हणून बाजूला टाकायचा. ते न ऐकताच उडवायचे, अशीच पद्धत.

यंदा सात नंबरच्या रेकॉर्डरवर ती भलतीच खूश होती. गोंगाटाच्या क्लिपा मंगळवारी चाळीस, बुधवारी सव्वीस, गुरुवारी नऊ, शुक्रवारी एक. शनिवारपासून नुसते पक्षी. "माणसांचा त्रास कमी होतोय," असं तिनं रिपोर्टात लिहूनसुद्धा टाकलं.

तेवढ्यात पायथ्याच्या वस्तीतल्या अंजनाबाई ऑफिसच्या दारात आल्या. "बाय, आमचे मालक मंगळवारी करवंदं काढायला वर गेले, ते अजून परत नाय आले. तुमच्या कॅमेऱ्यात कुठं दिसले काय गं?"

कॅमेऱ्यात कुणीच नव्हतं. गोंगाट मात्र अजून उडवायचा राहिला होता. मानसीनं मंगळवारची पहिली क्लिप लावली.

"अंजनेऽ! अंजने गोऽऽ!"



"ओऽ, आले, आले!" म्हणत अंजनाबाई दाराबाहेर धावल्या.